वळणाचं पाणी

आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर एक बरणी आहे. चिनी मातीची, वर तपकिरी, खाली पांढरी, काठाला टवका उडालेला. तिच्यात आता कुणी लोणचं घालत नाही. बंद पडलेली घड्याळं, सुटे स्क्रू, कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्या, असलं काहीबाही पडलेलं असतं. पण ती टाकायची नाही. ती पुरातून आलेली आहे.

१२ जुलै १९६१. पुण्याच्या नारायण पेठेत, नदीच्या अंगाला असलेल्या एका वाड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. पानशेतचं धरण फुटलं असं सकाळी कुणीतरी ओरडत गेलं, तेव्हा अर्धा वाडा त्याला हसला. धरण म्हणजे काय मडकं आहे फुटायला! नव्या धरणाच्या भिंतीशी आदल्या रात्रभर लष्करी जवान वाळूची पोती रचत होते, हे वाड्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. पानशेतचं पाणी खडकवासल्यावर येऊन आदळलं आणि ते जुनं दगडी धरणही गेलं. पाणी बोळात शिरलं तेव्हा आजीनं एका काखेत आत्याला घेतलं आणि दुसऱ्या हातात ही बरणी. महिन्यापूर्वीच कैरीचं लोणचं घातलेलं होतं. पुढे कुणी विचारलं, दागिने सोडून बरणी कशी उचललीत, की ती म्हणायची, "दागिने होते कुठं? लोणचं तर होतं."

बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. संध्याकाळी पाणी ओसरल्यावर ते परत गेले तर वाड्याच्या मातीच्या भिंती बसल्या होत्या आणि चौकात कुणाचीतरी मेलेली म्हैस पडली होती. ही म्हैस त्यांनी आम्हाला निदान पन्नास वेळा सांगितली असेल. पुण्यात जुन्या पेठांतल्या बहुतेक घरांत अशी एकेक म्हैस असते. "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतच्या नंतर" अशी काळाची मोजणी आमच्याकडे होते. जुन्या लोकांना पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते बोटानं दाखवता येतं. आणि गोष्ट कायम एकाच जागी येऊन थांबते: सगळं गेलं, पण माणसं पुन्हा उभी राहिली.

मी या गोष्टीवर वाढले. ती खोटी नाही. फक्त बरीच वर्षं मला असं वाटत होतं, की आम्ही आमच्या हिमतीवर उभे राहिलो.

उभे कसे राहिलो, ते नंतर कळलं. आधी पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये काही वर्षं काढली. उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात ताशा. मग पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या निघाल्या, सरकारनं जमिनी दिल्या, कर्जं दिली. शहराच्या कडेला, पर्वतीच्या पलीकडे, गोखलेनगरकडे, जिथं तोवर शेतं आणि माळ होते, तिथं वसाहती उठल्या. आजोबा एका कचेरीत कारकून होते. अर्ज कसा लिहायचा, तो कुणाकडे द्यायचा, पोच कशी घ्यायची, आठ दिवसांनी जाऊन पुन्हा कसं उभं राहायचं, हे त्यांना पाठ होतं. सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्याच शाळेतले. असं करत सहकारनगरात, ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर, आम्हाला एक तुकडा मिळाला. नारायण पेठेतले भाडेकरू पंधरा वर्षांत घरमालक झाले. पुरानं आमचं घर नेलं आणि त्याहून मोठं आणून दिलं, हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलेलं नाही. मी इथं पहिल्यांदाच लिहिते आहे.

आता त्या ओढ्याबद्दल.

त्याचं नाव आंबिल ओढा. कात्रजच्या डोंगरातून निघतो, कात्रजच्या तळ्यांतलं जादा पाणी घेतो, धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर करत पर्वतीच्या पायथ्याशी येतो आणि दांडेकर पुलाखालून दत्तवाडीच्या बाजूनं मुठेला मिळतो. वर्षातले दहा महिने तो ओढा नसतोच. काळ्या पाण्याची रेघ असते. माझ्या लहानपणी त्याला सरळ "नाला" म्हणत, आणि त्यात चेंडू गेला तर तो गेला.

पण ही त्याची मूळची वाट नाही. जुनं पुणं म्हणजे कसबा, आणि कसब्याच्या दोन बाजूंना दोन ओढे होते. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबिल. पश्चिमेचा हा ओढा आजच्या जुन्या पेठांच्या भागातून नदीकडे जायचा आणि पावसाळ्यात गावात घुसायचा. अठराव्या शतकाच्या मध्याला पुणं पेशव्यांची राजधानी म्हणून फुगायला लागलं, माणसं येऊ लागली, जागा हवी झाली. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीपाशी ओढ्याला बांध घातला, तिथं तळं केलं आणि ओढ्याची धार गावापासून दूर, पश्चिमेला वळवली. मोकळी झालेली जमीन पेठांना मिळाली. त्याच सुमाराला, १७४९च्या आगेमागे, पर्वतीवर देऊळ झालं आणि कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्याकडे पाण्याचा नळ निघाला.

नळ म्हटलं की डोळ्यांपुढे लोखंडी पाइप येतो. हा तसला नाही. जमिनीखालून दगड-चुन्यात बांधलेला बोगदा, त्यात माणूस उभा राहून चालू शकेल असा. आठेक किलोमीटर लांब. वाटेत हवा खेळावी म्हणून उच्छ्वास, म्हणजे जमिनीवर डोकं काढणारे बुरूज. त्यांतले काही अजून दिसतात, त्यांच्यावर पोस्टरं चिकटवलेली असतात. पंप नाही, चाक नाही. नुसत्या उतारावर पाणी राजधानीत यायचं आणि हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, वाड्यांतले खासगी हौद. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावाकडून आणखी एक नळ सदाशिव पेठेत आणला. हे काम पाहिलं की अभिमान वाटतो, आणि तो वाटण्यात मला काही गैर दिसत नाही. त्या काळच्या किती शहरांना असं वाहतं पाणी होतं?

फक्त एक गोष्ट लक्षात घ्यायला मला चाळिशी उलटावी लागली. नळ कात्रजचा आणि ओढाही कात्रजचा. डोंगर एक, पाणी एक. त्यातलं पिण्याजोगं तेवढं झाकून, गाळून, उतार जोखून पेठांत आणलं. उधाणाचं, गाळाचं, नको असलेलं पाणी ओढ्याला दिलं आणि ओढाच उचलून गावाबाहेर टाकला. अठराव्या शतकात त्या बाहेरच्या बाजूला फारसं कुणी राहत नव्हतं, म्हणजे तेव्हा यात अन्याय कुणावर झाला असंही नाही. शहराला पुरापासून वाचवणं हे राजाचं कामच आहे. पण "गावाबाहेर" ही जागा फार दिवस रिकामी राहत नाही. ती कुणासाठी राखीव असते हे आपल्याकडे ठरलेलं असतं.

हौदांचंही तेच. हौद सार्वजनिक होते, म्हणजे ज्यांना सार्वजनिकात धरलं होतं त्यांच्यासाठी. पेशवाई जाऊन पन्नास वर्षं झाली तरी हे बदललं नव्हतं. १८६८ साली जोतिराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शाळेत हे वाक्य आम्ही एका मार्कासाठी पाठ केलं: "फुले यांनी कोणत्या साली... खुला केला?" घरचा हौद खुला करावा लागला याचा अर्थ गावातले सगळे हौद बंद होते, हा उलटा प्रश्न कुणी विचारला नाही. इतके सुंदर हौद, आणि तहानलेल्या माणसाला पाणी मिळायला एका माळ्याच्या घरी यावं लागत होतं.

फुल्यांचा आणि पाण्याचा आणखी एक धागा आहे, तो मला फार आवडतो. ते नुसते सुधारक नव्हते, कंत्राटदारही होते. १८७०च्या दशकात पुण्याजवळ मुठेवर धरण बांधायचं काम चाललं होतं, त्याला त्यांनी बांधकामाचं साहित्य पुरवलं. पुण्याच्या इतिहासात हा माणूस पाण्याच्या दोन्ही टोकांना उभा आहे. धरणाच्या कामावर आणि हौदाच्या काठावर.

पर्वतीवर मी वर्षातून पाच-सहा वेळा तरी जाते. आता गुडघे कुरकुरतात. शंभराच्या वर पायऱ्या आहेत. निम्म्यावर बसायचं, वरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांनी "हळूहळू या" म्हणायचं, हा ठरलेला कार्यक्रम. वर गेल्यावर देवळात गर्दी असेल तर मी तटाशीच बसते. एका जागेवरून इतकं पुणं दुसरीकडून दिसत नाही.

उत्तरेला खाली सारसबाग. तिथंच ते तळं होतं, वळवलेल्या ओढ्याचं. मधल्या बेटावरचं गणपतीचं देऊळ १७८४चं. म्हणून तो अजून "तळ्यातला गणपती", तळं जाऊन बाग झाली तरी. विसाव्या शतकाच्या साठाच्या दशकात तळ्याच्या जागी बाग केली, आणि ती इतकी छान रुजली की पुण्यातल्या सगळ्या थरांतली माणसं जिथं एकमेकांच्या शेजारी बसून भेळ खातात अशी ती बहुधा एकच जागा असेल. लग्न ठरलेली जोडपी, बिगारी कामावरून सुटलेली पोरं, परदेशातून आलेली नातवंडं. शेजारचं पेशवे पार्क त्याच तळ्याच्या परिसरात. तिथली फुलराणी ही छोटी रेल्वे १९५६ पासून पोरांना फिरवते आहे. तिथले वाघ-अस्वलं मात्र पुढे कात्रजला नेली. ओढ्याच्या उगमाकडे. गावात जागा कमी पडली की कुणाला तरी कात्रजकडे जावं लागतं.

पूर्वेला स्वारगेट आणि त्यापलीकडे गुलटेकडी. आज मार्केट यार्ड म्हटलं की कांदा-बटाट्याचे भाव आठवतात. मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीनं १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त एक निबंध लिहिला. त्यात तिनं आपल्या आधीच्या पिढ्यांचं लिहून ठेवलं आहे: तालीमखान्यापुढून मांग-महारांतलं कुणी गेलं तर याच गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू व्हायचा. चौदा वर्षांच्या आसपासची मुलगी. मैदान म्हणजे खेळायची जागा, पण खेळणारा कोण आणि चेंडू कोण, हे तिनं एका वाक्यात सांगून टाकलं. मी भाजी घ्यायला तिथं जाते तेव्हा हे दर वेळी आठवतं असं नाही. खोटं कशाला लिहू. कधीकधी आठवतं.

आणि मी बसलेली असते तो डोंगर. १३ ऑक्टोबर १९२९ला याच पायऱ्यांवर पर्वतीचा सत्याग्रह झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्याबरोबर अस्पृश्य सत्याग्रही देवळात जायला निघाले. एस. एम. जोशींसारखे तरुण त्यांच्याबरोबर होते. सनातन्यांनी दगड मारले, माणसं रक्तबंबाळ झाली. देऊळ उघडलं नाही. या पायऱ्यांवरून आमची आजी दर श्रावणात वर जायची. त्या दिवसाबद्दल घरात एक अक्षर मी ऐकलेलं नाही. म्हैस पन्नास वेळा ऐकली.

पश्चिमेकडचा उतार मात्र नुसता बघून भागत नाही. तिथं जनता वसाहत आहे. देवळाच्या मागून पार खालपर्यंत पत्र्यांचा समुद्र, त्यात निळ्या ताडपत्र्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, देवळांची आणि बुद्धविहारांची टोकं. १९७२च्या दुष्काळानं मराठवाड्यातून, नगर-सोलापुराकडून माणसं पुण्यात फेकली, त्यांतली कितीतरी अशा उतारांवर आणि ओढ्याकाठी टिकली. जिथं बिल्डर जात नाही, जिथं सात-बाऱ्यावर कुणाचं नीट नाव नाही, जिथं पाणी कधीतरी येणार हे जुन्या माणसांना माहीत आहे, तीच जागा स्वस्त असते. पायथ्याशी कालवा आहे, खडकवासल्यातून निघणारा मुठेचा उजवा कालवा. त्याखाली दांडेकर पूल, पुलाखाली तो वळवलेला ओढा आणि ओढ्याच्या दोन्ही काठांना पुन्हा वस्ती. पुढं नदीकडे जाताना महापालिकेच्या कामगारांची जुनी वसाहत. शहर झाडणारी माणसं ओढ्याच्या कडेला.

वळणाचं पाणी वळणावरच जाणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपण ती माणसांच्या सवयींबद्दल वापरतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दांडेकर पुलापाशी राहतात. मावशी म्हणजे वयानं माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी त्यांना मावशी म्हणते आणि त्या मला ताई. हे नातं कुठल्या तर्कानं लागलं ते देव जाणे, पण सगळ्या पुण्यात असंच लागतं.

२७ सप्टेंबर २०१८. गुरुवार. त्या भांडी घासत होत्या. त्यांचा फोन वाजला, त्यांनी ओल्या हातानं खांद्यावर धरला आणि नळ तसाच वाहता ठेवून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कालवा फुटला." चपला न घालता गेल्या. मी मागून नळ बंद केला. ते मला आजही जसंच्या तसं आठवतं: माझ्या घरात मी नळ बंद केला आणि दोन किलोमीटरवर तेच, खडकवासल्याचंच पाणी त्यांच्या दारातून आत गेलं होतं.

जनता वसाहतीजवळ कालव्याची भिंत फुटली होती. दिवसाढवळ्या, पाऊस नसताना. ऊन पडलेलं आणि सिंहगड रस्त्यावरून नदी वाहतेय. बरीच माणसं कामावर होती, म्हणून जीव वाचले असं म्हणतात. घरं वाचली नाहीत. कारण शोधताना तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं. मुठेच्या पाण्यानं पेठांतली घरं नेली तेव्हा चौकशी आयोग बसला होता. इथं घुशी निघाल्या.

दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. त्याआधी दहा वर्षांत एकदाही गेले नव्हते. खोलीच्या भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीवर चिखलाची रेघ होती, सरळ, पट्टीनं मारल्यासारखी. शिलाई मशीन उलटं पडलेलं. धान्याचे डबे धुऊन उन्हात ठेवलेले. पंचनाम्याला माणसं येऊन गेली होती. "कागद मागतात," मावशी म्हणाल्या. "अहो, कागदच तर वाहून गेले." मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, चहा घेणार का, गॅस शेजारणीकडचा आहे.

तेव्हा मला आजोबा आठवले. त्यांचेही कागद १९६१ साली वाहून गेले होते. त्यांना कुणी विचारलं नाही असं नाही, विचारलंच असेल. पण ते नारायण पेठेत राहत होते हे सांगायला शेजारी होते, शाळा होती, कचेरीतले साहेब होते, आडनाव होतं. त्यांनी अर्ज लिहिला. अर्ज लिहिता येणं ही आमची होडी होती, आणि ती आम्हाला दोनशे वर्षं आधीच कुणीतरी बांधून दिली होती. श्रावणात पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, इंग्रज आल्यावर तोच पैसा वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. दक्षिणेतून शाळा, शाळेतून कारकुनी, कारकुनीतून अर्ज, अर्जातून प्लॉट. तेही पाणीच. तेही कुणीतरी वळवलेलं.

मी हे मावशींना सांगितलं नाही. पंचनाम्याचा अर्ज तेवढा लिहून दिला. अक्षर आजोबांसारखं आहे माझं.

वर्षभरानं, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री, पाणी आमच्याकडे आलं. यावेळी ओढ्याचं. कात्रजच्या डोंगरावर असा काही पाऊस पडला की ओढा, ज्याला आम्ही नाला म्हणायचो, त्यानं तासाभरात आपली जुनी रुंदी परत मागून घेतली. आवाज पावसाचा नव्हता, दगड घरंगळण्याचा होता. कात्रजचं तळं फुटलं अशी आवई उठली, आणि बाबा, वय वर्षं सदुसष्ट, अंधारात म्हणाले, "हसू नका. त्या वेळी आम्ही हसलो होतो." आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींवर चढल्या. शेजारच्या सोसायटीची संरक्षक भिंत गेली. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. टांगेवाल्यांची कॉलनी, टांगे केव्हाच संपले, नाव राहिलं. पुणे आणि आसपास मिळून त्या रात्री वीसहून जास्त जीव गेले.

इथं माझा हिशेब जरा चुकतो, आणि तो चुकलेलाच बरा. मला सोपं गणित मांडायचं होतं: वरचे कोरडे, खालचे बुडाले. पण त्या रात्री तसं झालं नाही. ओढ्याचं पात्र आवळून ज्यांनी सोसायट्या बांधल्या, वरच्या अंगाला कडेनं भर टाकून रस्ते केले, त्यांच्या तळमजल्यांतही पाणी गेलं. ओढ्याला सात-बारा वाचता येत नाही. फरक नंतर पडला. माझ्या गाडीचे विम्याचे पैसे दोन महिन्यांत आले. मावशींच्या घरात ओढ्याचं पाणी यावेळी गुडघाभर होतं, आणि गेल्या वर्षीचे पैसे अजून पुरते मिळायचे होते. आमच्या पार्किंगचे फोटो वर्तमानपत्रात आले. कॉलेजातल्या मैत्रिणींचे अमेरिकेतून फोन आले. मावशींना फक्त मी फोन केला, आणि खरं सांगायचं तर तो त्या कामाला येणार का हे विचारायलाच केला होता.

आता पुण्यात कुठं पाणी तुंबलं की "पुणेकरांचा चिवटपणा" हा शब्द हमखास वाचायला मिळतो. मी तो वाचते आणि पान उलटते. चिवट तर घोणसही असते आणि गवतही. उभं राहायला जमीन लागते, आणि जमीन कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे विचारल्याशिवाय हा शब्द वापरणं म्हणजे म्हशीची गोष्ट पुन्हा सांगणं आहे.

जाता जाता एक निरुपयोगी माहिती. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब पर्वतीवरच वारले, २३ जून १७६१ला. पानशेत फुटलं ते त्यानंतर दोनशे वर्षं आणि एकोणीस दिवसांनी. याचा अर्थ काहीच नाही. बाबांनी शोधून काढलं होतं, आणि पाहुणे आले की ते सांगायचे, म्हणून लिहिलं.

२०१९च्या त्या पुरानंतर ओढ्याच्या काठानं तुकड्या-तुकड्यांनी सीमाभिंत बांधली आहे. एका जागी उंच, एका जागी कमी, मध्ये एखादं खिंडार, तिथून गायी उतरतात. जून लागला की मी गॅलरीतून तिच्याकडे बघते. बाबा गेल्यापासून पावसाचा अंदाज मलाच घ्यावा लागतो.

गेल्या जूनमध्ये मावशींकडे गेले होते, मुलीचा बारावीचा निकाल लागला म्हणून पेढे द्यायला. खोलीला आता रंग दिलाय. चिखलाची रेघ त्याखाली गेली. मोरीच्या वर, अगदी पत्र्याला लागून, एक खिळा आणि त्याला प्लास्टिकची जाड पिशवी टांगलेली. आत आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, लाइट बिल, मुलीच्या मार्कलिस्टा. "पाणी इथवर येत नाही," मावशी म्हणाल्या. "आलं तर मग कागदाचं काय करायचं?"

मुलीनं पेढा तोडला, अर्धा आईच्या तोंडात घातला. मावशींनी पदराला हात पुसले.

"ताई, तुमचे कागद कुठं असतात?"

"बँकेत. लॉकरमध्ये."

"कुठली? ती पुलाकडची?"

"हो."

"लॉकर वरती आहे का?"

मी जरा थांबले. "नाही. तळघरात."

मावशींनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांना इतकं हसू आलं, की त्यांनी पेढ्याचा बॉक्स खाली ठेवला.